बेज्जूरच्या माइकवर पार्टीचं नाव

...नाही, मले सांगा, गळा माहा, पेटी माही, आन् बोर्डावर नाव कोणाचं? मालकाचं! काय नाव ते मी नाही सांगणार. नवऱ्याचं नाव बायको घेते का कदी? जुन्या बोर्डावर हाय, वाचून घ्या!

बरं, मालकाले गाण्यातलं येते काय? काई नाही! आन् पेटी मी कोणापाशी शिकली? कोणापाशीच नाही! जत्रेत गाणं आईकाचं, घरी येऊन बोटानं धुंडाळाचं, सापडेपर्यंत भाकर करपली तरी उठाचं नाही. मंग जावा धरल्या, चुलत जावा धरल्या, एका घरच्या साऱ्या सुना, कोणाच्या हाती खंजरी, कोणाच्या हाती टाळ... निंगाली आमची भजन पार्टी! बोथची जत्रा म्हणू नका, बाजारहत्नूरची म्हणू नका, लोकं भिताडावर चढून आईकत. आन् सकाळी शाबासकी कोणाले? "वा राव, काय पार्टी हाय तुमची!" आन् हे मिशीतल्या मिशीत हासून राह्यले! गळा माहा, पेटी माही...

तर नव्वद सालच्या आसपास बेज्जूरहून बोलावणं आलं. इतक्या दूर, जंगलात! तिथं पाहतो तं मंडपात गोंडाइच्या वस्तीतला चंपत पेपरे घेऊन बसला, सनईवानी वाजते ना, ते, आन् बाजूले तेलुगू डप्पूवाला, डप्पू म्हंजे आपल्या डफावानी. कमिटीवाले म्हणे, "सारे मिळून वाजवा." माही जाऊ मथुरा म्हणते, "बाई, पेपऱ्यापुढं आपली पेटी कोणाले आईकू येईन वो?" म्या म्हटलं, गप! चंपतले म्हटलं, "भाऊ, सूर जरासा खाली घे." तो म्हणते, "बाई, याचा सूर एकच. खाली नाही, वर नाही." आता? त्याचा हालत नाही तं मी हालली! दोन पट्ट्या वर घेतलं गाणं. तुमी म्हणसान गळा फाटला असंन... छट्! असा लागला, असा लागला का डप्पूवाला उभा राहून वाजवाले लागला, आन् ज्यायले मराठी समजत नाही ते बी नाचाले लागले!

तेवढ्यात आला माइकवाला धावत. तेलुगू माणूस, त्याले मराठी बोर्ड काय वाचता येते? माइक माह्या तोंडापुढं! "अम्मा, पार्टीचं नाव?" झाली ना पंचाईत! मी कशी घेऊ? मथुरेकडं पाह्यलं, माहा मालक तिचा मोठा दीर, ती तरी नाव कशी घेईन? तिनं पदर तोंडात कोंबला. बाकीच्याइचा बी मोठा दीरच, साऱ्या खाली पाहून राह्यल्या! "अम्मा, लोकं इचारते, कोणाची पार्टी?" आन् निंगालं माह्या तोंडातून, "कोणाची म्हंजे? माही! जयवंताबाईची!"

गेलं ना भोंग्यातून साऱ्या जंगलात!

तुमाले सांगतो, तवापासून जिकडं जा तिकडं एकच, जयवंताबाईची पार्टी! बोर्ड बी नवा झाला. गळा माहा, पेटी माही, आन् नाव बी माहं! जिंकली ना मी? कायची जिंकली! आता गावातले लोकं यायले हाका मारतेत, "ओ जयवंताबाईचे मालक!" आन् हे रुसून कोपऱ्यात. जेवत नाही, बोलत नाही. मंग मलेच पुढ्यात बसून गाणं म्हणावं लागते. गाणं सरलं का मान वळोवतेत, मले वाटते आता उठतेत जेवाले... तं म्हणतेत काय?

"अजून एक."

म्हणतो मंग. करता काय!