मागणी शून्य

हो, इथंच बसतो, खुर्ची नको, हा रिकामा ड्रम चालेल — वार्निश लागलं तर लागू द्या, पँट जुनीच आहे. तुम्ही हातातलं काम उरका. माझी मोटार शेवटी बघा, अर्ध्या एचपीची तर आहे, घरच्या टाकीत पाणी चढवायची. शेतातल्या मोटारींपुढं तिचा काय पाड? मी मघापासून मोजतोय — दारात अकरा, आत भिंतीला लागून चौदा, आणि त्या पोत्याखाली? तिथंही असतीलच. सगळ्यांवर खडूनं गावाची नावं. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, व्होल्टेज कमी, मोटारी जळणारच. मी चिखलीहून आलो. मेहकरला बस बदलली. कंडक्टर म्हणाला, बाबा, पिशवीत काय हाय एवढं जड? म्हटलं, ग्रंथ. त्यानं लगेच पिशवीपासून पाय लांब घेतले. — काय म्हणता? चिखलीत जळक्या मोटारीत नवी तार भरणारे मेले काय? नाही, आहेत की. पण तिथं मला सगळे ओळखतात, आणि ओळखीच्या माणसाला आपल्याकडं कोणी खरं सांगत नाही. अनोळखी माणसालाही सांगत नाही म्हणा. त्यातच तर सगळं — जाऊ द्या. धंदा कसा काय चाललाय, ताई?

बघा. 'चालू हाय कसंतरी.' पंचवीस मोटारी उरावर, दुपारचा डबा अजून उघडलेला नाही, तो दिसतोय मला खिडकीत, आणि चालू हाय कसंतरी. नाही, तुम्हाला हसत नाही हो. मी स्वतःला हसतोय, आणि ते बाईमाणसासमोर बरं दिसत नाही म्हणून घाईघाईनं हसतोय. मी प्राध्यापक होतो. अर्थशास्त्राचा. डॉक्टर आहे, पण औषध देणारा नव्हे — शैलजा, म्हणजे आमचं कुटुंब, म्हणते, दारावरची ती पाटी काढा, लोक तापलेली पोरं घेऊन येतात आणि तुम्ही त्यांना नुसतं पाणी पाजता. एकतीस वर्षं मी मुलांना उद्योजकता शिकवली. जोखीम घ्या, नोकरीच्या मागं लागू नका, असं सांगायचो, आणि स्वतःचा पगार एक तारखेला झाला नाही की दोन तारखेला मी कॅशियरच्या खिडकीशी उभा. मुलांना ते दिसत असावं. माझ्या वर्गातून उद्योजक झालेला एकच मला माहीत आहे, त्यानं वर्गाबाहेर चहाची गाडी लावली होती, आणि तो माझ्या तासाला कधी बसला नाही.

निवृत्तीनंतर एका प्रशिक्षण संस्थेनं मला सल्लागार केलं. कोणते कोर्स ठेवायचे, कोणते बंद करायचे, हे बाजाराला विचारून ठरवायचं — कल्पना माझीच, आणि मला ती अजूनही चांगली वाटते, पण मला काय वाटतं याला आता फारसा अर्थ उरलेला नाही. पूर्वी तिथं काय होतं? ज्या कोर्सचा मास्तर जिवंत, तो कोर्स चालू. मास्तर गेले की कुलूप. त्यापेक्षा बाजाराला विचारणं बरं नाही का? बरंच. पण बाजाराला तोंड नाही, म्हणून मी प्रश्नावली केली. बावीस प्रश्न. नववा — आपला धंदा सध्या कसा आहे, वाढता, स्थिर की घटता. अकरावा — आपल्याला शिकलेल्या माणसांची गरज आहे का, असल्यास किती. फॉर्म घेऊन संस्थेची मुलं फिरली — चार तालुके, मोटारी भरायची त्रेचाळीस दुकानं. त्यातल्या एकेचाळीस जणांनी सांगितलं, काही विशेष नाही, बसून आहोत, माणूस नको. मी ते टक्क्यांत मांडलं. पंच्याण्णव टक्के. टक्के आले की माणसाला एकदम खरं बोलल्यासारखं वाटतं. मग वाक्य लिहिलं — 'सदर क्षेत्र आकुंचन पावत असून प्रशिक्षित मनुष्यबळाची मागणी शून्य आहे.' पान चौदा. समितीत वाचलं तेव्हा कोणी खोकलंसुद्धा नाही. नंतर शाल मिळाली.

आता मला सांगा, मी काय परदेशातून आलो होतो? माझ्या वडिलांचं खामगावात सरकी-ढेपेचं दुकान. पोत्यांवर पोती, गिऱ्हाईक ओट्यावर ताटकळतंय, आणि कोणी विचारलं, काय नारायणराव, कसं काय, की वडील म्हणणार, 'काही नाही, बसलो आपला.' ऐन हंगामात. आम्ही पोरं आत तोंडावर हात धरून हसायचो. चांगलं चाललंय असं कोणी म्हणतं का? म्हणालं की दृष्ट लागते, नाहीतर पाहुणा येतो, नाहीतर इन्स्पेक्टर. हे मला पाचव्या वर्षी कळत होतं. पीएच.डी. झाल्यावर कळेनासं झालं.

कळलं कधी, तर दिवाळीच्या आधी. शेजाऱ्यांची मोटार जळली आणि तालुक्यात कोणी हात लावेना. त्यांना घेऊन मी रामरावांकडं गेलो — आमच्या चिखलीतले जुने वाइंडर, माझ्या पाहणीतलं दुकान क्रमांक सहा. तीस मोटारी रांगेत. म्हणाले, दिवाळी झाल्यावर या. मी म्हटलं, रामराव, आमची मुलं फॉर्म घेऊन आली तेव्हा तर तुम्ही सांगितलंत, माशा मारून राह्यलो. तर म्हणतात, 'मंग काय सांगू साहेब? माणूस पाह्यजे म्हनलं तं सांजेलोक साऱ्या गावाचे भाचे दारात. कोन्या भाच्याले पाना धरता येत नाही, पन शिफारस घिऊन आलेल्या मामाले नाही म्हनता येते काय?' आणि वर मलाच विचारतात, तुम्ही ते खरं धरलं काय? सहज विचारलं हो त्यांनी. टोमणा नव्हता, त्यांना खरंच कळेना, की एवढा शिकलेला माणूस विचारून विचारून हे खरं धरतो. तेव्हापासून नीट जेवण नाही मला. शैलजा म्हणते पित्त आहे. असेल. पित्तही असेल.

अरे, घेतलीत का माझी मोटार? आधी ती मोठी करा ना. — हा टेस्ट लॅम्प ना? दिवा लागला, म्हणजे बरं की वाईट? बरं. आणि आता बॉडीला लावल्यावर लागला नाही, तेही बरं. नका हो, चालू नका करून पाहू — फिरली. छान फिरली. आवाजही छान आहे. बघताय काय माझ्याकडं? हो. जळलेली नाही. सकाळी टाकी भरून घेतली आणि मग काढली, शैलजाला सांगितलं दुरुस्तीला नेतो. कारण हातात कागद घेऊन आलो असतो तर तुम्हीही बसून आहोत असंच सांगितलं असतं. म्हटलं, गिऱ्हाईक म्हणून जावं, डोळ्यांनी पाहावं. याला आमच्या शास्त्रात निरीक्षण म्हणतात. बाकी लोक खोटं बोलणं म्हणतात.

तुम्ही रागावलात. साहजिक आहे. पण ऐका, उद्या अकरा वाजता बुलढाण्याला बैठक आहे. त्यात मोटारीचा कोर्स बंद करायचा ठराव आहे, माझ्या पान चौदाच्या आधारानं. अठरा मुलं-मुली सध्या शिकतायत, त्यांना ड्रोनच्या कोर्सला बसवायचं. ड्रोन चांगलाच आहे, मी काही जुन्याचा भक्त नाही. पण तो एकच आहे, आणि तो कपाटात आहे. सव्वीस जानेवारीला एकदा उडवला, तो पाहुण्यांच्या मंडपावर उतरला, तेव्हापासून किल्ली संस्थेच्या साहेबांकडं. अठरा जण सहा महिने कपाटाभोवती बसणार. आणि वाइंडिंगची यंत्रं, तो अख्खा शेड, भंगारात. एकदा गेलं की पुन्हा कोणी उभं करणार नाही, तेवढं अर्थशास्त्र मला येतं. म्हणून हा फॉर्म. एक दुकानदार, एकच, लेखी म्हणाला की मला शिकलेली माणसं पाहिजेत, तर मला उद्या तोंड उघडता येईल. रामराव सही करेनात. आणखी सातजण करेनात. चहा सगळ्यांनी पाजला.

तुमच्याकडं कसा आलो? संस्थेच्या जुन्या रजिस्टरवरून. रेणुका, मोटार वाइंडिंग, प्रथम श्रेणी. त्या वर्षी कोर्स पुरा केलेली एकटी मुलगी. मग मी माझ्या पाहणीत तुम्हाला शोधलं. मालकांच्या यादीत सापडला नाहीत. दुकान सापडलं — दुसरबीड, रस्त्यालगत, मालक प्रज्वल. आणि खाली घरच्या माणसांच्या रकान्यात, पत्नी रेणुका, गृहिणी. त्यावरून माझं दुसरं वाक्य तयार झालं होतं, की मुलींना सदर प्रशिक्षणाचा रोजगाराच्या दृष्टीनं उपयोग आढळला नाही. आमची मुलं आली तेव्हा म्हणे तुम्ही इथंच या जागी बसला होता, हातात स्टेटर, त्यात तार भरणं चाललं होतं. त्यांनी विचारलं मालक कुठंयत, आणि तुम्ही सांगितलं, बाहेर गेलेत. खरंच आहे ते, प्रज्वलराव विहिरीतून मोटार काढायला गेले होते, आजही तिकडंच असतील. पण तुम्ही तरी, ताई, दोन शब्द — काय? मग काय सांगायला पाहिजे होतं, म्हणता. मीच मालक आहे असं रस्त्यावर उभं राहून सांगायचं आणि संध्याकाळी सासूबाईंना तोंड द्यायचं. नाही, बरोबर आहे. त्याला माझ्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

वाचा ना, सावकाश वाचा. सोपा केलाय आता, चारच ओळी. दोन माणसं लिहा, एक लिहा. भाचे येतील म्हणता? येतील. त्यांना माझ्याकडं पाठवा, मी त्यांना उद्योजकतेवर व्याख्यान देईन, पुन्हा फिरकणार नाहीत. — नाही? का पण? ... हो, पाहणी माझी. अहवालही माझा. चूक माझी, ती मी लिहून द्यायला पाहिजे, तुम्ही का. सरळ आहे. मलाही हे सुचलं नव्हतं असं नाही. पण समजून घ्या, तो अहवाल छापलाय. आमचा आल्हाद पुण्यात असतो, तो त्याच्या भाषणांत त्यातले आकडे वापरतो, बाबांचे आकडे म्हणून सांगतो. आता त्र्याहत्तराव्या वर्षी उभं राहून म्हणायचं की साहेब, मला लोकांचं बोलणं समजलं नाही? म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. एखाद्या दुकानदाराचा कागद असला म्हणजे कसं, नवीन माहिती हाती आली असं म्हणता येतं. माझी चूक झाली असं न म्हणता माहिती सुधारली असं म्हणता येतं. तुमच्या आडून, हो. तुमच्याच आडून. शब्द बरोबर काढलात.

आणि माहिती तरी कुठं नवीन आहे? अहवाल देण्याच्या आदल्या दिवशी त्रेचाळीस फॉर्म टेबलावर होते आणि वाचता वाचता मला वडिलांचा आवाज ऐकू आला, बसलो आपला, बसलो आपला, एकेचाळीस वेळा. मी उठलो, पाणी प्यायलो. दुकानांत जाऊन नुसत्या मोटारी मोजून यायला चार दिवस लागले असते. पण तेवढ्यात साहेबांचा फोन आला, ड्रोनचं जवळपास नक्की झालंय सर, तुमचा अहवाल तेवढा अनुकूल असू द्या. आणि मी म्हटलं, आकडे अनुकूलच आहेत. शंका तर मला प्रत्येक गोष्टीची येते हो — गॅस बंद केला का, कडी लावली का, माझ्याशी लग्न शैलजाला मान्य होतं का. आयुष्यात एक शंका बरोबर निघाली आणि नेमकी तीच मी उचलून बाजूला ठेवली. हे कोणाला सांगितलं नव्हतं मी. तुम्हाला तरी कशाला सांगितलं, काय माहीत.

हे काय? बिलबुकाचा कागद. कोरी बाजू. — मी आधी लिहायचं आणि मग खाली तुम्ही लिहिणार? प्रज्वलरावांना न विचारता? बरं. बरं, नाही विचारत. आणि किती माणसं लिहाल? दोन. मुली असल्या तरी चालतील. 'मुलीच पाठवा, त्यांना मामा नसतो' — हे लिहू नका बरं, फक्त दोन लिहा.

पेन आहे माझ्याकडं. कागद कशावर ठेवू, या मोटारीवर? ठेवतो. 'मी, भालचंद्र नारायण' — आडनाव घालतो, ते काही टळत नाही — 'लिहून देतो की माझ्या अहवालातील पान चौदावरचं विधान चुकीचं आहे. ते चुकीचं असावं अशी शंका मला' — नाही. शंका खोडतो. शंकेत मी चांगला लपतो. 'ते चुकीचं आहे हे मला अहवाल देतानाच माहीत होतं.'

पुढचं मोठ्यानं नाही म्हणत. तुम्ही तुमचं काम करा.