कच्चा शब्द

उर्वशी : एक वाक्य टाइप कर दादा. मी सांगते ते. माझ्या लॅपटॉपवर नाही, बाबांच्या कॉम्प्युटरवर.

धर्मेंद्र : काय लावलं आहे तू? दुकान उघडं टाकून आलो मी. लोकं फॉर्म भरायले बसले आहेत तिथं. 'लवकर ये' म्हटलं तू फोनवर, मले वाटलं बाबाले काही झालं. नदीचा पूल कसा पार केला, माहं मले माहीत.

उर्वशी : बाबा समोरच्या खोलीत झोपले आहेत. तू टाइप कर. 'मला चहा प्यायचा नाही.'

धर्मेंद्र : घे. केलं.

उर्वशी : शेवटच्या शब्दाखाली रेघ दिसते?

धर्मेंद्र : 'नाही'च्या खाली आहे बारीकशी. ते तं असतेच. मराठी लिहिताना शब्द पुरा होईपर्यंत राहते. स्पेस मारली की जाते.

उर्वशी : स्पेस मारू नको. बाबा वाक्याच्या शेवटी मारत नव्हते. माऊस घे आणि ते मोठं 'बोला'चं बटण दाब.

धर्मेंद्र : दाबलं.

कॉम्प्युटर : मला चहा प्यायचा.

धर्मेंद्र : ऑं? 'नाही' कुठं गेलं?

उर्वशी : आता माझ्या लॅपटॉपवर कर. तसंच्या तसं.

लॅपटॉप : मला चहा प्यायचा नाही.

धर्मेंद्र : इथं तं बरोबर बोलते. मग प्रोग्राममधली चूक, बग आहे. तुझं तं कामच ते आहे, बग काढायचं. काढ ना. त्याच्यासाठी मले कायले बोलावलं?

उर्वशी : ऐक. घाई करू नको. मी जे काम करते ना, ते म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या, बटणं, लिहायची चौकट, असं सामान. एकदाच बनवायचं आणि विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे चालवायचं. दिसायला तिन्हीकडे सारखंच दिसतं. आत मात्र प्रत्येकाची रीत वेगळी. बटण दाबलं की माझा लॅपटॉप आधी तो अर्धवट शब्द पक्का करून घेतो आणि मग बटणाचं ऐकतो. ही जुनी विंडोज बटणाचं आधी ऐकते. खाली रेघ असलेला शब्द तिच्या लेखी अजून कच्चा. फेकून देते.

धर्मेंद्र : इंग्रजीत?

उर्वशी : इंग्रजीत एकेक अक्षर लगेच पक्कं होतं, काही जात नाही. बाबांची वाचा गेली आणि लिहिलेलं बोलून दाखवणारं हे मशीन मी त्यांच्यासाठी बनवलं, तेव्हा इथं इंग्रजीतच तपासलं होतं. मराठी तपासलं ते माझ्या लॅपटॉपवर.

धर्मेंद्र : अन् आजच कसं समजलं?

उर्वशी : माझं हे सामान वापरणाऱ्या कोरियातल्या एका बाईची तक्रार आली. बटण दाबलं की शेवटचं अक्षर जातं म्हणे, फक्त विंडोजवर. माझ्याकडे विंडोज नाही. म्हटलं, बाबांच्या कॉम्प्युटरवर पाहू. तो तसाही बंदच असतो.

धर्मेंद्र : बरं.

उर्वशी : आधी तिच्या भाषेत लिहून पाहिलं. मग म्हटलं, मराठीत पाहू. आणि मग... दादा, नागपूरला न्यायच्या आधी बाबा या मशीनवर काय बोलले होते?

धर्मेंद्र : काय बोलले होते म्हणजे? तुले माहीत नाही काय?

उर्वशी : मी तेव्हा पुण्यात होते. तू फोनवर सांगितलं होतंस. मला त्यांचे शब्द पाहिजेत.

धर्मेंद्र : मी कानात ओरडून विचारलं, बाबा, गिळता येत नाही, ठसका लागते, डॉक्टर पोटात नळी टाकू म्हणून राहिले, तुमचं काय म्हणणं आहे? तं त्यायनं लिहिलं अन् बटण दाबलं. मशीन बोललं, 'मले नळी टाकायची.' मी म्हटलं, पक्कं ना? तं आणखी तेच. तीनदा बोलले. मी आईले म्हटलंसुद्धा, बाबालेच घाई झाली आहे, आपणच भेत होतो...

उर्वशी : दादा.

धर्मेंद्र : नाही.

उर्वशी : बस खाली.

धर्मेंद्र : नाही, नाही. ऐक. 'टाकायची आहे' असंही असू शकते. 'आहे' गेलं असन!

उर्वशी : असू शकतं.

धर्मेंद्र : मग? सीधी बात आहे. 'आहे' गेलं. नाही तं बाबा चूप बसले असते? मशीन उलटं बोलून राहिलं अन् हे ऐकत बसले?

उर्वशी : बाबांना मशीन ऐकू कुठं येतं? तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, इंजिनाजवळ उभं राहून. कानाला तोंड लावून ओरडलं तर ऐकतात. ते लिहीत होते, बटण दाबत होते, चौकट रिकामी होत होती. त्यांना वाटलं, गेलं आपलं म्हणणं.

धर्मेंद्र : मान तरी हालवली असती.

उर्वशी : त्यांची मान दिवसभरच हालते. या बिमारीत सुरुवातच मानेपासून झाली. तुला त्यातलं 'नाही' ओळखू आलं असतं?

धर्मेंद्र : डॉक्टरनं विचारलं होतं मले. पेशंटची मर्जी आहे काय? मी छाती ठोकून सांगतलं, मर्जी आहे साहेब, स्वतः बोलले. फोनमधली रेकॉर्डिंग ऐकवली त्यायले. रेकॉर्डिंग, उर्वशी!

उर्वशी : हळू बोल. आई मागच्या दारी आहे.

धर्मेंद्र : आईले सांगायचं नाही हे. ऐकलं काय? तू दुरुस्त कर, त्या कोरियावाल्या बाईले कळव, अन् विषय बंद. नळी आहे म्हणून आज बाबा जिवंत आहेत. हे तं खोटं नाही ना?

उर्वशी : नाही.

धर्मेंद्र : मग झालं तं.

उर्वशी : नळी टाकून आणल्यापासून त्यांनी एकदाही हा कॉम्प्युटर उघडला नाही. काहून, याचा विचार केला कधी? मी पुण्याहून आल्यापासून रोज विचारते, बाबा, मशीन लावू का? ते भिंतीकडे पाहतात. मला वाटायचं थकले. दादा, त्यांच्या हिशेबानं ते तीनदा 'नाही' म्हणाले आणि घरच्यांनी ते ऐकूनही गाडी बोलावली.

धर्मेंद्र : 'आहे' असन. मी सांगतो तुले, 'आहे' असन.

सुशीलाबाई : 'नाही'च होतं ते.

धर्मेंद्र : आई! तू कवा आली?

सुशीलाबाई : कवाची उभी आहो. धान वाळत टाकलं होतं, ते सोडून आली तुमचा आवाज ऐकून. मले ते कच्चं-पक्कं काही समजत नाही. पण माह्या ध्यानात आता येऊन राहिलं. नळीच्या आंधी एक दिवस मशीन बोललं, 'मले भात खायचा.' मी खुश झाली. ऊन ऊन भात कालवला, वरण घातलं, दूध घातलं. घास तोंडाजवळ नेला तं ओठ मिटून घेतले. मी म्हटलं, अजी, तुमीच तं मांगतलं. जबरीनं घातला घास. ठसका लागला, डोये लाल झाले. तरी मी रागावली. 'मांगता अन् थुकता, लहान लेकरू आहा काय,' असं बोलली मी त्यायले.

उर्वशी : आई, तुला माहीत नव्हतं.

सुशीलाबाई : दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. 'मले भात खायचा.' पुन्हा भरवला. माणूस नाही म्हणून राहिला अन् मी कोंबून राहिली.

धर्मेंद्र : आई, बस तू. पाणी देऊ?

सुशीलाबाई : पाणी नोको. नागपूरहून आल्यापासून ते माह्याकडे पाहत नाहीत. अंग पुसतो, कूस बदलवतो, नळीतून पेज सोडतो. नजर तिकडंच. मी म्हटलं, बिमारीनं आटला माणूस. मले काय माहीत, रुसला आहे म्हणून.

धर्मेंद्र : हे पाहा, आता त्यायले सांगून काय भेटन? उलट तरास होईन. जे झालं ते वापस होत नाही.

सुशीलाबाई : तुले भेव वाटते त्यायच्या उत्तराचं.

धर्मेंद्र : वाटते ना! सही माही आहे दवाखान्याच्या त्या कागदावर. ते म्हणतील, काढून टाक. मग? काढू? तू सांग, काढू मी?

सुशीलाबाई : मले नाही माहीत. पण आपण त्यायले इचारूनही फसवलं असं त्यायच्या मनात राहू नये. तसं मनात घेऊन जाऊ नये माणसानं. उर्वशी, तुह्यं ते मशीन आता खरं बोलन काय?

उर्वशी : सकाळपासून तेच करते आहे. विंडोजपुरतं वेगळं लिहिलं. बटणाचं ऐकायच्या आधी कच्चा शब्द पक्का करून घ्यायचा. आताच इथं टाकलं. दादा, लिही काहीतरी.

धर्मेंद्र : तूच लिही. मी ऐकतो.

उर्वशी : बरं, मी लिहिते.

कॉम्प्युटर : आज नदीवर जायचं नाही.

उर्वशी : आलं.

सुशीलाबाई : आणखी एकदा कर.

कॉम्प्युटर : आज नदीवर जायचं नाही.

सुशीलाबाई : चाला मग. उठवतो मी त्यायले. धर्मेंद्र, टेबल उचल, पलंगाजवळ घे. वायर पाहा, पायात येईन.

(समोरची खोली. बाबा, म्हणजे वासुदेवराव, उशीला टेकून बसवलेले. पडद्यावर उर्वशीनं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे : 'बाबा, हे मशीन तुमचा शेवटचा शब्द खात होतं. चूक मशीनची होती. आम्हाला तुमचं 'नाही' कधी ऐकूच आलं नाही. तुम्ही नळीला नाही म्हटलं होतं का?' ते बराच वेळ वाचत राहतात.)

धर्मेंद्र : वाचलं काय त्यायनं? का पुन्हा लिहून दाखवू?

सुशीलाबाई : वाचलं. चूप राहा. डाव्या हाताले सहारा दे फक्त, बोट पोचत नाही.

उर्वशी : लिहीत आहेत.

सुशीलाबाई : लिहू दे. त्यायच्या मनानं लिहू दे.

कॉम्प्युटर : तीनदा म्हटलं.

धर्मेंद्र : बाबा... बाबा, मले 'टाकायची' एवढंच ऐकू आलं. तुमची शपथ! मी डॉक्टरले तेच सांगतलं...

उर्वशी : दादा, त्यांना ऐकू जात नाही असं.

धर्मेंद्र : मग सांग ना त्यायले! लिही तू! लिही, धर्मेंद्रनं जाणून नाही केलं म्हणून!

उर्वशी : लिहिते. लिहिलं. पाहा, वाचत आहेत.

सुशीलाबाई : त्यायच्या डोयाचं पाणी पूस रे. त्यायले आपल्या हातानं पुसता येत नाही.

उर्वशी : थांब, पुन्हा बोट उचललं.

कॉम्प्युटर : मले वाटलं तुमाले ऐकायचं नव्हतं.

धर्मेंद्र : असं कसं वाटलं तुमाले, बाबा? असं कसं...

सुशीलाबाई : कसं नाही वाटणार? सरका तिकडं, मी बोलतो त्यायच्यासंग. अजी! ऐकता काय? तो भात, तुमी नाही म्हणत होते काय? माह्याकडे पाहा. मी कोंबला तुमच्या तोंडात. माह्याकडे पाहा ना जरासं.

उर्वशी : आई, पाहतात ते तुझ्याकडे.

सुशीलाबाई : हो. पाहतात.

धर्मेंद्र : उर्वशी, आता विचारून टाक. जे आहे ते विचार. मी तयार आहो.

उर्वशी : काय लिहू?

धर्मेंद्र : लिही, नळी काढायची काय म्हणून. लिही, तुमी म्हणसान तं मी उद्या नागपूरले जातो, डॉक्टरच्या पाया पडतो. या खेपेले तुमचंच चालन. माहं नाही, आईचं नाही.

उर्वशी : आई?

सुशीलाबाई : लिही.

उर्वशी : लिहिलं.

धर्मेंद्र : काहून लिहीत नाहीत?

सुशीलाबाई : इचार करून राहिले. आपण नळी टाकताना त्यायले इचार करायले टाइम देल्ला होता काय? आता तरी थांब.

धर्मेंद्र : आई, तू रडू नोको. ते तुह्याकडेच पाहून राहिले.

सुशीलाबाई : मी कुठं रडतो?

उर्वशी : लिहीत आहेत. घाई नका करू कोणी. त्यांना लिहू द्या.

कॉम्प्युटर : आता राहू दे.

धर्मेंद्र : नळी राहू दे म्हणाले. आई, राहू दे म्हणाले!

सुशीलाबाई : उर्वशी, पुरं आलं काय वं? मांगं काही राहिलं तं नाही ना?

उर्वशी : नाही आई. त्यांनी बटण दाबायच्या आधी मी चौकटीत पाहिलं. एवढंच लिहिलं त्यांनी.