खारट पोर

नॉर्मल! पुन्हा नॉर्मल! आता तुम्हीच सांगा, पोर साडेतीन वर्षांची, वजन दीड वर्षाच्या पोराएवढं, पोट मडक्यासारखं, पाय काटकीसारखे, खोकला असा की ऐकणाऱ्याच्या बरगड्या दुखाव्यात... आणि कागदावर काय? नॉर्मल! मला वाचता येत नाही. सही येत नाही, अंगठा लावतो. पण हा एक इंग्रजी शब्द मी आता लांबून ओळखतो. ही बघा फाईल. उचलून बघा, उचला! दर खेपेला फाईल वाढते, पोर वाढत नाही.

नाही, बसत नाही मी, उभाच बरा. तुम्ही बसा. माझी नात आत आहे, जीवी. सून आहे तिच्याबरोबर. आत पोरीचा घाम मोजतायत. हो, घाम! हसू नका. तुम्हाला सांगतो, मीही हसलो होतो, आणि त्या हसण्यापायीच तर... थांबा, नीट सांगतो.

मी थोभण. अगरिया आहे. रणात, त्या खाऱ्या ओसाड जमिनीत, मीठ पिकवतो. दिवाळी झाली की सगळं घरदार घेऊन रणात जायचं, जमिनीखालचं खारं पाणी वर काढायचं, वाफ्यात सोडायचं, दंताळं ओढायचं, आणि पाऊस आला की गावात परत. आठ महिने रण, चार महिने गाव. बाप हेच करायचा, त्याचा बापही हेच. व्यापाऱ्याचा माणूस काचेची नळी घेऊन येतो, पाण्यात बुडवतो, डोळे बारीक करतो आणि सांगतो, काका, पाणी बावीस डिग्री खारं झालं. मी बोट बुडवून जिभेला लावतो आणि तो नळी काढायच्या आधी सांगतो, बावीस नाही, तेवीस, पुन्हा बघ. तो पुन्हा बघतो. तेवीस! पन्नास वर्षांत ही जीभ चुकली नाही. गावात विचारा कुणालाही.

आता अशा माणसाच्या घरात... असो.

तर जीवी. जन्मली तेव्हा बरी होती. तीन महिन्यांनी खोकला लागला. तालुक्याचा डॉक्टर म्हणाला, "दात येतायत." बरं, येऊ देत. दात आले, खोकला गेला नाही. मग म्हणाला, "जंत आहेत." जंताचं औषध दिलं. जंत नव्हतेच, कुठून पडणार? मग म्हणाला, "पोरीला खायला घालत नाही का तुम्ही?" मला! खायला घालत नाही! अहो, ही एवढीशी पोर बाजरीचा अख्खा रोटला खाते, वर ताक, वर माझ्या ताटातला अर्धा, आणि तासाभरानं पुन्हा आजोबाच्या मागे, "दादा, भूक!" खाल्लेलं जातं कुठं? जातं सगळं बाहेर, तेलकट, आणि वास असा की शेजारचा वालजी खाट उचलून दुसऱ्या अंगणात जातो. हे सगळं मी डॉक्टरला सांगितलं, तर म्हणाला, "काका, रक्त तपासू." तपासलं. रिपोर्ट? नॉर्मल!

जिल्ह्याला गेलो. तिथल्या साहेबानं छातीचा फोटो काढला, उजेडाला धरला, हं हं केलं, आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. सहा महिने. गोळ्या गिळताना पोर असं बघायची की... सहा महिने झाले, खोकला तिथंच. साहेब म्हणाला, "म्हणजे टीबी नव्हता." मी म्हटलं, साहेब, मग सहा महिने माझी पोर काय खात होती? तो म्हणाला, "काका, असं असतं." पोटाची सोनोग्राफी केली. नॉर्मल! रूडीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, सात मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. त्याचा मात्र रिपोर्ट आला, सगळं घर खोकलं.

मुलगा अरजण मिठाच्या ट्रकवर असतो, महिना महिना बाहेर. म्हणून दवाखाना माझ्याकडे. दवाखान्यात जायचं म्हणजे मी पुढे, मागे पोरीला कडेवर घेऊन सून. सून लाभू. ती माझ्यासमोर पदर हनुवटीपर्यंत ओढून असते, बोलत नाही. आमची रीत आहे. सासऱ्याशी सून बोलत नाही. काही सांगायचं झालं तर रूडीला सांगणार, रूडी मला सांगणार, तेही रूडीला सांगण्यासारखं वाटलं तर. सात वर्षं झाली लग्नाला, मी सुनेचा आवाज ऐकला नव्हता. चांगल्या घरातली आहे. मला अभिमान होता त्याचा.

तर मागच्या पौषात जिल्ह्याला एक नवी डॉक्टरीणबाई आली. तरुण, चष्मा, बारीक आवाज. जीवीची बोटं बघितली, नखं बघितली, छाती बराच वेळ ऐकली. आजवर एवढा वेळ कुणी ऐकली नव्हती. मग मला विचारते... मला!... "दादा, पोरीची पापी घेतली तर खारट लागते का?"

आता सांगा. भर दवाखाना. बाहेरची माणसं दारातून डोकावतायत. मी सत्तरीचा माणूस, मी काय पोरींच्या पाप्या घेत फिरतो? आमच्यात पुरुष माणूस सगळ्यांसमोर लेकराला कडेवरसुद्धा घेत नाही. मी ताठ उभा राहिलो आणि म्हटलं, "बाई, आम्ही अगरिये. आमचा रोटला खारट, आमचं पाणी खारट, आमची बायकोही खारट. पोर काय गोड निघणार?"

सगळे हसले! दारातले हसले, कंपाउंडर हसला, बाईही हसली. हसता हसता तिनं कागदावर काहीतरी खोडलं. मी बघितलं ते खोडताना. मला वाटलं, झालं, एक तपासणी वाचली.

आणि तुम्हाला सांगतो, दोन महिने मी तो किस्सा रणभर सांगितला. ज्याच्या झोपडीवर चहाला जाईन तिथं. "मग मी म्हटलं, बायकोही खारट!" लोक मांडीवर थाप मारायचे. वालजी तर तीन वेळा ऐकून तीन वेळा हसला. आणि आमच्या झोपडीवर कुणी आलं की पदराआड लाभू उभी असायची, चहाचा पेला हातात धरून. तिच्याकडे कोण बघतं? पदर होता ना.

रिपोर्ट? त्या खेपेचाही नॉर्मल.

मग श्रावण आला. रणात पाणी भरलं, आम्ही गावात. दोन महिने झाले होते परतून. पाऊस, विहीर, रोजच्या आंघोळी, अंगावर मिठाचा कण नाही कुणाच्या. आमची एक कबरी बकरी आहे, गावात ठेवून जातो माझ्या बहिणीकडे. अंगणात दहा-बारा पोरं खेळतायत, आणि ही बकरी सगळ्या पोरांना ओलांडून सरळ जीवीकडे येते आणि तिचे पाय चाटते. पाय, पोटऱ्या, मान. जीवी हसते, "दादा, गुदगुल्या!" वालजी ओरडतो, "थोभणकाका, बकरीनं पोर दत्तक घेतली की तुमची!" मी म्हटलं, हाकल तिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी मी खाट टाकून बसलो, बघत. बकरी आली. वालजीच्या पोराला हुंगलं, सोडलं. त्याच्या बहिणीला हुंगलं, सोडलं. माझ्यापर्यंत आली. मी पाय पुढे केला. पन्नास वर्षं मिठात मुरलेला पाय! तिनं हुंगला... आणि पुढे निघून गेली! मला नाकारलं! गेली ती जीवीकडे, आणि बसली चाटत.



मी उठलो. जीवीला उचललं. अंगणात, सगळ्यांसमोर. विहिरीवर नेलं, दोन बादल्या ओतल्या, घासून आंघोळ घातली, पंच्यानं कोरडी केली, उन्हात उभी केली. ऊन निघालं होतं त्या दिवशी. कपाळावर घामाचे थेंब आले. मी वाकलो आणि जीभ लावली.

तुम्हाला सांगतो, पन्नास वर्षं पाणी चाखतोय मी. वरून बसलेलं मीठ वेगळं लागतं, आतून येणारं वेगळं. हे आतून येत होतं.

पण एकदा चाखून मी कधी डिग्री सांगत नाही. दुसरं पाणी लागतं ताडून बघायला. वालजीचा पोरगा जवळच उभा होता, घामेजलेला. त्याला धरला आणि त्याचंही कपाळ चाटलं. पोरगं किंचाळलं! वालजी धावत आला, "काका! डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, तुझा पोरगा फिका आहे. तो म्हणाला, "म्हणजे काय?" मी म्हटलं, काही नाही, नशीबवान आहेस, घरी जा.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला. बाईचा आवाज, मी ओळखला नाही. वळलो, तर दाराशी पदर ओढून लाभू.

"पहिल्या दिवसापासून खारट लागते," ती म्हणाली. "काना पण लागायचा."

काना म्हणजे जीवीच्या आधीचा नातू. आठ महिन्यांचा होता. चैत्रात, रणात, दोन दिवसांत वाळून गेला. सगळे म्हणाले ऊन लागलं. मीही म्हणालो. रणात ऊन लागतंच.

सात वर्षांत सुनेचा आवाज पहिल्यांदा ऐकला. आणि ऐकला तो हा.

मी रूडीकडे बघितलं. रूडी जमिनीकडे बघत होती. म्हणाली, "मला सांगितलं होतं तिनं. दोन्ही वेळा. मी म्हटलं, अगं रणातली लेकरं, खारट नाही तर काय साखरेची लागणार?" बघा. मी जे दवाखान्यात बोललो तेच ती आधी चुलीपुढं बोलून बसली होती. चाळीस वर्षांचा संसार, विनोदसुद्धा एकच.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं जिल्ह्याला. तीच डॉक्टरीणबाई. मी म्हटलं, बाई, पोर खारट आहे. बाईनं चष्मा काढला. "दादा, मी तुम्हाला विचारलं होतं." हो, म्हटलं. "तुम्ही हसवलंत." हो, म्हटलं. "मीही हसले," ती म्हणाली.  मग ती माझ्याकडे न बघता लाभूकडे वळली आणि म्हणाली, "ताई, आता तुम्ही सांगा." आणि लाभूनं सांगितलं! पदराआडून, अर्धा तास! कधीपासून, किती, कसं, रंग कसा, वास कसा, काना कसा गेला, शेवटच्या दिवशी त्याचे ओठ कसे होते. एवढं सगळं तिच्याकडे होतं. आणि मी दोन किलोची फाईल घेऊन फिरत होतो.

बाई म्हणाली, एक आजार असतो, घामावाटे अंगातलं मीठ निघून जातं. छातीत कफ चिकटून बसतो, खाल्लेलं अंगी लागत नाही. उन्हात अशी लेकरं पटकन जातात. नाव सांगितलं तिनं, माझ्या जिभेवर बसलं नाही. म्हणाली, "पण तपासणीशिवाय मला लिहिता येत नाही. अहमदाबादला जा, घामातलं मीठ मोजतात. तोवर पोरीला उन्हात नेऊ नका, आणि पाण्यातून मीठ द्या."

मीठ द्या!

डोंगर आहेत हो आमच्याकडे मिठाचे. झोपडीच्या दाराशी डोंगर. त्यांच्या सावलीत पोर खेळायची. आणि वाळत होती... कशापायी?

असो. तर आलो इथं. सकाळपासून आत आहेत. पोरीच्या हाताला पट्टा बांधलाय, बारीक करंट देतात म्हणे, मग घाम येतो, तो टिपून घेतात आणि मशीन सांगतं किती डिग्री. म्हणजे बघा, पुन्हा व्यापाऱ्याची नळी! आणि खोली कशी? बर्फासारखी गार. मी आत डोकावलो तर माझेच दात वाजले. तिथल्या मशीनवाल्या बाईला म्हटलं, बाई, घाम काढायचाय ना? मग हे थंड यंत्र बंद करा. ती म्हणाली, "दादा, बाहेर थांबा." थांबलो...

आली. थांबा, आली बाई.

काय? ...पुन्हा सांगा. घाम कमी पडला? ...म्हणजे? ...मशीनला एवढा लागतो आणि निघाला एवढासा. बरं. मग? ...रिपोर्ट नाही. सोमवारी पुन्हा. ...अहो बाई, ऐका माझं, एका थेंबावर सांगतो मी, पन्नास वर्षं सांगतोय, कागद आणा, मी अंगठा देतो, लिहा...

काय म्हणाली? ऐकलंत? म्हणाली, "दादा, जिभेचा रिपोर्ट निघत नाही."

बरोबर आहे तिचं. निघत नाही.

पन्नास वर्षं मीठ काढलं जमिनीतून, आणि घरचं मोजायची वेळ आली तर थेंब कमी पडला. आलीस बाहेर? आण लाभू, पोरीला इकडे दे. दे, मी घेतो कडेवर. बघू देत लोकांना. बाटलीतलं मिठाचं पाणी पाज तिला, आणि बोल, काय म्हणाले आत ते सगळं सांग मला, मोठ्यानं सांग, रूडीची वाट बघू नकोस.

चला, येतो. सोमवारी भेटू, असाल तर. तोवर बकरीचंच खरं धरायचं.