सात नंबरच्या मशीनवरचा आवाज

— नाही नाही, त्या खुर्चीवर नको कांग, नको हो दादा, तिथला हेडफोन मेलाय. इकडे या, सातवर बसा, सातला मोठा स्पीकर आहे. रणगाड्यांचं खेळायचंय? ते रोजचंच की! आज हे खेळा ना — माझ्याकडून, फुकट, वर कॉफी. नरकातल्या राक्षसांना गोळ्या घालायच्या, पण कशाही नाही — ठोक्यावर. ड्रम वाजतो ना, त्याच्या प्रत्येक ठोक्यावर चाप ओढायचा. चुकलात की गोळी फुसकी. न चुकता मारत राहिलात की आधी नुसता ड्रम असतो त्यात गिटार मिसळतं, मग दुसरं गिटार, आणि सगळ्यात शेवटी — शेवटी गाणारा येतो. मी? छे, मला कुठलं जमतंय! वडील गमेलनच्या ताफ्यात गोंग वाजवायचे, ती मोठी टांगलेली थाळी. लहानपणापासून अंगात भिनलंय, खरं वजन शेवटच्या ठोक्याला — गोंग तिथेच पडतो. माझा हात त्या गोंगची वाट बघत बसतो आणि मधले ठोके हातचे जातात. गिटारपर्यंत पोचते कशीबशी, पुढं राक्षस खातात मला.

हां, अस्सं! हात चांगलाय तुमचा, परवाच पाहिलं होतं मी. बाला-बाला तळलेत, भाज्यांची भजी, गरम आहेत, घ्या — नको नको, बोटं तेलकट होतील, नंतर खा. हे गाणं? हे खेळातलं नाही हो, आपल्या इथल्या, उजुंगबेरुंगच्या बँडचंच — तेतेननं घातलंय आत, त्या बँडमध्ये गिटार वाजवायचा तो. गाणारा? होता असाच एक. म्हणजे — आमचेच हे. एंगकुस. हो, मध विकतात तेच, दाढीवाले, हळू बोलणारे. विश्वास नाही ना बसत? मैदानात गाताना गुरगुरायला लागले की मागं चहाच्या गाडीवरचे पेले थरथरायचे! मग मागच्या रमजानात सोडलं सगळं. गाणं-वाजवणं नको म्हणाले. कॅसेटी जाळल्या, बँडच्या काळ्या टी-शर्टांची फडकी केली — हे स्क्रीन पुसते ना मी, हे त्यातलंच एक. वाईट नाही हो झालं! दारू सुटली, बाहेरच्या रात्री सुटल्या, माझ्या आईचे पाय चेपून देतात. जावई असावा तर असा, म्हणते ती. मग मी तक्रार कुणाकडे करू? नवरा सुधारला म्हणून? लोक हसतील. पण कांग, माणूस घरात आहे आणि घराला आवाजच नाही. पूर्वी भांडायचे, पातेली आपटायचे, पार मशिदीच्या वळणापर्यंत ऐकू जायचं — आणि आता ‘इमास, पाणी दे’, तेसुद्धा असं म्हणतात जसं काही बाजूच्या खोलीत कुणी आजारी पडलंय. मला करमत नाही. बास, एवढंच. हे दुपारच्या, असरच्या नमाजाला गेले की मी सातवर येऊन बसते, आणि गिटारपर्यंत जाऊन मरते. रोज.

आला! आला आवाज, ऐका — हाच! थांबू नका, तो कोपऱ्यातला, मारा त्याला, मारा — दम बघा केवढा, कसा खेचतात, अजून श्वास घेतलेला नाही — या अल्ला. नमाज लवकर आटोपली वाटतं आज. नाही, तुम्ही खेळा. दारात उभे आहेत. आत येत नाहीत. रागावलेत का? — नाही — कांग, ऐका माझं, मागं बघू नका, एकही चुकवू नका — त्यांचा पाय. चपलेतला अंगठा. ठोक्यावर हलतोय हो, अगदी ठोक्यावर — आणि ओठ, ओठसुद्धा — अहो, मागं बघू नका म्हटलं ना!

गेला आवाज. नुसता ड्रम राहिला.

नाही, तुमची काय चूक. कुणीही वळून बघेल. गेले तेही, मान खाली घालून. पाय धुवायला गेले असतील. राहू दे तो माऊस, परत नका सुरू करू. बाला-बाला कागदात बांधून देते, घरी जाऊन खा. उठा, कांग. दुकान बंद झालं.