फुलवंताच्या नावाचा दगड

समाजाच्या सगळ्या मंडळींना, आबांना, काका-काकूंना, आणि सालेकशाहून आलेल्या बाबांच्या रेल्वे-गँगमधल्या सोबत्यांना जय सेवा.

मला बोलता येईल का नाही, माहीत नाही. माझ्या आधी बोलले त्यांनी सांगितलं, बाबा शांत होते. कोणाच्या अध्यात ना मध्यात. मंडळी, मला वाटलं, हे कोणत्या माणसाबद्दल बोलून राहिले? हे शेवटचं वर्ष माझे बाबा शांत नव्हते. ते तुम्हाला माहीत आहे. आणि तेवढंच कोणी बोललं नाही, म्हणून मी उभी राहिली.

वर्षभरापूर्वी माझ्या चुलतभावाच्या पोरीची जात पडताळणी निघाली. वंशावळ द्यायची होती. बाबा रेल्वेत गँगमन होते, रिटायर झालेले, घरी बसून आईच्या भाजीत खोड्या काढायचे. आई म्हणाली, जा बापा, तुमचे आजे-पणजे शोधा, माझा पिच्छा सोडा. वंशावळ झाली. पोरीचं काम झालं. पण बाबा काही थांबले नाहीत. पिशवीत बिस्किटाचे पुडे घालायचे आणि गावोगावच्या म्हाताऱ्यांजवळ जाऊन बसायचे. मी सुट्टीच्या दिवशी सोबत जायची. मी म्हटलं, बाबा, मेलेल्यांच्या मागे काऊन लागले? तर म्हणाले, "मेले म्हनून का झालं वो? आपलेच आहेत ना."

त्या फिरण्यात बरंच सापडलं. आपण मूळचे इथले नाही, वरून छत्तीसगडातून उतरलो. ज्या घराशी आपण पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या धुऱ्यावरून भांडलो, ते घर आपलंच निघालं. बाबा त्या दिवशी किती हसले! त्यांना जाऊन सांगितलंही, की आता भांडण घरातलंच आहे, जोरात करू.

मग आम्ही सालेकशाच्या अंगाला एका गावात गेलो. आजोबांच्या बहिणीचं कोणी तिथं आहे का, एवढंच विचारायला. ओसरीवर एक म्हातारी पत्रावळी लावत बसली होती. तिनं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. पाहतच राहिली. म्हणाली, "तू फुलवंताचा होस का रे?"

फुलवंता म्हणजे माझी आजी. बाबांची सख्खी माय.

बाबा म्हणाले, "हव. पन तिले मरून जमाना झाला. मी लहान होतो."

म्हातारी म्हणाली, "जमाना कायचा? आता-आता तं गेली. मीच माती देली."

बाबा तिथंच खाली बसले, अंगणातल्या मातीत.

सालेकशाची मंडळी आपल्यातली नाहीत, त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात माणूस गेला की गावाबाहेर साजाच्या झाडाखाली त्याच्या नावाचा दगड मांडतात. दगड मांडला की तो माणूस पुरखांत, म्हणजे पूर्वजांत, मिळाला. तिथं फुलवंताच्याही नावाचा दगड आहे. बाबांना कळायला लागल्यापासून ते दर सणाला त्या दगडापुढे भात ठेवायचे. नोकरीत असताना रजा काढून यायचे. मी लहान असताना मलाही न्यायचे. म्हणायचे, आजीले जोहार कर.

आणि आजी जिवंत होती.

आबा, तुम्ही पुढेच बसले आहात. तुम्ही बाबांचे काका. तुम्हीच बाबांना सगळं सांगितलं, म्हणून तुमच्यासमोरच बोलते. चुकलं तर टोका.

गावातल्या बाया ठेकेदाराबरोबर बांबू कापायला दूर जंगलात गेल्या होत्या. फुलवंताही गेली. तिथं हैजा, म्हणजे कॉलरा, पसरला. गावात निरोप आला, कोणी वाचलं नाही. आपल्या लोकांनी रडून-भेकून तिचा दगड मांडला. आजोबांनी दुसरं लग्न केलं. ज्या आजीनं बाबांना वाढवलं, तिच्याबद्दल माझ्या तोंडून वावगा शब्द निघणार नाही. तिनं कमी केलं नाही.

आणि मग एका दुपारी, धान मळायच्या दिवसांत, फुलवंता पायी चालत गावाच्या शिवेवर आली.

बाबांनी आबांना विचारलं, "तुमी ओळखलं होतं तिले?"

"हव. चालीवरूनच ओळखलं."

"मंग?"

"मंग का? दगड मांडून झाला होता."

मंडळी, कोणी तिला खोटी म्हटलं नाही. भूत म्हटलं नाही. ती फुलवंताच आहे, हे सगळ्या खळ्याला कळलं होतं. पण पुरखांत मिळालेलं माणूस परत घरात घ्यायची रीत आपल्याकडे नाही. चूक झाली होती. खात्री न करता दगड मांडला गेला होता. ती चूक पदरात घ्यायची का तिला घालवायची, असा प्रश्न होता. आपल्या लोकांनी तिला घालवली. आणि घालवतानाही रीत सोडली नाही! पुरखांपुढे ठेवतात तसा पानावर भात शिवेवर ठेवला. ती जेवली नाही. तिनं एकच मागितलं. पोरगं दाखवा.

तेव्हा पोरगं घरात कोंडून ठेवलं होतं.

बाबांनी विचारलं, "मी रडलो का, काका?"

आबा म्हणाले, "आठवत नाई बाबू."

आता पुढचं सांगते, ते मला सांगवत नाही. ती सालेकशाच्या जंगलाकडे गेली. मोह वेचला, तेंदूपत्ता तोडला, पोट भरलं. आणि काही वर्षांनी बाबांची नोकरी त्याच लाईनवर लागली. बाजारात कोणीतरी त्यांचं नाव घेतलं, गाव घेतलं, तिनं ऐकलं. तेव्हापासून ती बाजाराच्या दिवशी लाईनीच्या कडेला टोपली घेऊन बसायची. म्हातारी सांगत होती, ती मला बोटानं दाखवे, तो पाहा, घमेलं उचलून राहिला, तो माहा होय.

तुम्ही सोबती इथं आहात. तुमच्यातल्या कोणी तिच्याकडून चारोळी घेतली असेल. बाबांनीही घेतली असेल. बाबा ते आठवून पाहायचे. बसल्या जागी डोळे मिटायचे, आणि त्या बाजारातल्या बायांची तोंडं आठवायचा प्रयत्न करायचे. एकही आठवलं नाही.

ती बोलली काऊन नाही? मीही म्हातारीला हेच विचारलं. म्हातारी म्हणाली, "तिले भेव वाटे. मेलेल्या मानसाचा हात जित्याले लागला तं जित्याचं वंगाळ होते म्हने."

म्हणजे ती आपली रीत पाळून राहिली होती. आपण तिला घालवली, आणि ती आपल्याच रितीनं आपल्या लेकरापासून हात राखून बसली. मला याचा राग येतो. आज बाबांच्या फोटोसमोर उभी राहून सांगते, मंडळी, मला तुमचा फार राग येतो.

त्या दिवशी म्हातारीकडून परतताना गाडीत बाबा एकच वाक्य बोलले. "इतके साल मी कोनाले जेवू घातलं?"

मग ते तुमच्याकडे आले. समाजाची बैठक घेतली. त्यांचं मागणं काय होतं? जमीन नव्हती मागितली. तो खोटा दगड उचला, ती जिथं पुरली आहे तिथली माती आणा, आणि तिचा दगड खरा मांडा. तुम्ही म्हणालात, मांडलेला दगड उचलत नसतात, गावाला बाधते. एक जण तर म्हणाला, गेली ते गेली, आता कायले उकरतोस? तेव्हा बाबा उठून म्हणाले, "तं मंग माहा दगडबी तिथं मांडू नोका. माय बाहेर अन मी अंदर, असं मी राहात नाई."

त्यानंतर ते गेले. डॉक्टर हार्ट अटॅक म्हणतो. मी वाद घातला नाही.

उद्या त्यांचा दगड मांडायचं तुम्ही ठरवलं आहे. जागाही साफ केली, मी सकाळी पाहून आली. त्यांचं बोलणं ऐकलेली माणसंच झाडणी करून राहिली होती.

बाबांना मुलगा नाही. मी लेक आहे, लग्न झालं, सासरचं कुळ लागलं, माझा देव बदलला. त्या दगडाला माझा हात चालत नाही. चालला असता तर मी इथं बोलत नसती, तिथं गेली असती. तो दगड कुळातल्या माणसानंच उचलावा लागते. तुमच्यापैकीच कोणी.

आता श्रद्धांजलीची वेळ झाली. आपण मौन उभं राहून पाळतो. आज तसं नको. सगळ्यांनी बसूनच राहावं. जो उद्या बाबांचा दगड मांडायच्या आधी फुलवंताचा दगड उचलायला येईल, त्यानंच तेवढं उभं राहावं.

मी डोळे मिटणार नाही.

बाबा, तुम्हाला जोहार. मौन सुरू करा.