लाल खडूच्या बाबिणी

तो रुमाल काढा आधी तोंडावरचा. काढा म्हणते ना! मघापासून नुसत्या भुवया हलतायत तुमच्या, मला काय डोंबल कळणार? या गिरणीच्या घरघरीत कानांचा काही उपयोग नाही, साहेब, इथे ओठ बघून बोलायचं असतं — सव्वीस वर्षं मी लोकांचे ओठ बघतेय, त्या टोकाला कोण कोणाला शिव्या घालतंय ते इथून सांगेन. कापूस जातो नाकात? जाऊ दे की. आमच्या रोज जातोय, आम्ही मेलो का? — हां, आता बोला. — पुन्हा तेच! अहो, परत आलेली पेटी कोणाची ते बाबिणींच्या बुडाला दिसतंय ना. सूत भरलं की बाबीण उतरवायची, बुडाला खडूची रेघ ओढायची, पेटीत टाकायची. माझी रेघ निळी, तिची लाल. तुमच्या त्या पेटीत सगळ्या लाल. मग मला कशाला विचारता? लाल म्हणजे आमची नणंद. ही काय, माझ्या पाठीमागे उभी आहे — बघू नका तिकडे, तिला लगेच कळतं. एकाच गल्लीत आमचे सूत काढायचे दोन साचे, पाठीला पाठ लावून. घरात एक चूल, इथे एक गल्ली. ती जिथे नाही अशी जागा देवानं मला दिलीच नाही.

तीस वर्षांत तिच्या सुताची एक तक्रार नाही? नसेल. मग आता आली. माणूस काय जन्मभर चांगलाच सांधा घालतो? वय झालं तिचं. विणणाऱ्यांनी पेटी परत पाठवली ती काय उगाच — जागोजागी जाड सांधे, मागावर चढवलं की तुटतंय, बरोबर? म्हणजे तार जोडताना हात चुकलाय. तुम्ही तपासणीवाले, थंडगार खोलीत बसून भिंगातून सूत बघता, तार जोडून बघितलीय का कधी? नाही ना? मग ऐका. तार तुटली की बाबीण फिरवणारी चाती गुडघ्यानं दाबून थांबवायची. बाबिणीवरचं टोक शोधायचं — तेच सापडत नाही नवख्यांना — वीतभर उलगडायचं, कडीतून काढायचं, वरच्या डोळ्यातून ओवायचं, आणि चाती सोडता सोडता रुळातून येणाऱ्या कापसाला नुसतं टेकवायचं. टेकवायचं, चिकटवायचं नाही. कापूस पीळ धरतो, बोटाला एक बारीक झटका बसतो, की सोडायचं, त्याच क्षणी. उशीर केलात की झाला गोळा. सगळा खेळ त्या झटक्याचा. हे मला कोणी शिकवलं? तिनंच. मी नवी नवरी, हातावरची मेंदी गेली नव्हती, ही माझी बोटं आपल्या बोटांत धरून उभी राहायची. अजून ऐकवते चारचौघांत, वहिनीला मी तयार केलं म्हणून. सव्वीस वर्षं ऐकतेय! लिहा तुम्ही. लाल रेघ, लाल पेटी, नणंद. काढा तिला साच्यावरून, द्या हातात झाडू, गोळा करू दे खालचा कापूस. नियम आहे ना तुमचा? मग नियमानं करा, माझं डोकं खाऊ नका.

सांधा हाताला कळतो का म्हणजे काय? कळतो म्हणजे कळतोच! प्रत्येकीचा हात वेगळा असतो. तिचा सांधा आखूड, कडक, तिच्या बोलण्यासारखा. माझा जरा लांब, मऊ. द्या इकडे, डोळे मिटून सांगते — द्या हो, भिता कशाला, मी काय तुमचं सूत खाणार आहे? हे बघा, मिटले डोळे. द्या एक. हं... हं. हा तिचा. हा काय, लागतोय की हाताला, एवढा जाड, ओबडधोबड, शी. दुसरा द्या. — हा? हा माझा. सरळ आहे माझा हात, बघा कसा सरकतोय बोटांतून, कुठे अडकत नाही. आता पटलं? उघडू डोळे?

हसताय कशाला?

पहिल्या तारेत सांधाच नव्हता? — अख्खी तार होती? — असं कसं, मला लागला ना... आणि हा दुसरा? हा त्या लाल पेटीतला? एवढा गोळा आहे यात? — कुठे? — दिसतोय हो, दिसतोय आता, डोळे गेले नाहीत माझे. पण मी याला माझा म्हणाले... तुम्ही फसवलंत मला. आईच्या वयाच्या बाईला फसवताना लाज नाही वाटली? हात घामेजलेत माझे, सकाळपासून उभी आहे, साचा सारखा हादरतोय, त्यात तुम्ही समोर उभे — यावरून तुम्ही काय ते ठरवणार? एक दिवस उभे राहा इथे. एक तास राहा! मग विचारा स्वतःच्या बोटांना काही कळतं का ते!

कधीपासून काय कधीपासून? मला काही झालेलं नाही. — थंडीत सुरू झालं. आधी करंगळी, मग ही दोन. वाटलं, गारठ्यानं असेल. मग एकदा सकाळी भाकरी भाजताना घरात काहीतरी जळाल्याचा वास आला, मी इकडेतिकडे बघतेय आणि बोट माझंच तव्यावर. वासानं कळलं मला, साहेब. बोटानं नाही. कोणाला सांगितलं नाही. सांगून काय, बसवतील घरी, नाहीतर झाडू देतील. पण हिच्यापासून काय लपतंय? पाठीला डोळे आहेत बाईच्या. माझ्या बाजूला तार तुटली, मी टोक चाचपडत राहिले की मागून हिचा हात यायचा, जोडून जायचा. एक शब्द नाही. दिवसातून पन्नासदा, साठदा. चार महिने! आपला साचा सांभाळून माझाही. मला वाटायचं ओरडावं — नको करूस, नाहीतर बोल तरी काहीतरी! दोन्ही नाही. नुसता हात. तुम्हाला नाही कळायचं, पण सव्वीस वर्षांनी पुन्हा नव्या नवरीसारखं उभं राहायचं, आणि पुन्हा हिच्याच हाताखाली!

आणि एवढं गप्प राहून बोलली कुठे? तर घरात, जेवताना, माझ्या नवऱ्यासमोर. दादा, हिच्या बोटांतला जीव गेलाय, डॉक्टरला दाखव. झालं. इतके दिवस जे मी दातओठ खाऊन लपवलं ते तिनं पानात वाढलं. माझ्याही जिभेला हाड नाही, मान्य आहे. मी म्हणाले, नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं माझ्या घरात बसून माझी बोटं मोजू नयेत. — बघू नका असे माझ्याकडे! तोंडातून गेलं ते गेलं. बारा वर्षं झाली तिला गावातलंच सासर सोडून माहेरी येऊन, कधी कोणी हे काढलं नव्हतं. मी काढलं. तिनं ताट उचललं, घासून ठेवलं, झोपली. आणि दुसऱ्या दिवसापासून हात यायचा बंद झाला. ही अशी पाठ, भिंतीसारखी. माझ्या बाजूला तारांवर तारा तुटतायत, मी जोडतेय, झटका लागतच नाही, तर सोडायचं कधी? अंदाजानं सोडायचं. तीन दिवस अंदाजानं काम केलं मी.

तीन दिवस. हो, परत आलेल्या बाबिणी त्याच तीन दिवसांतल्या. आता सगळं बोललेच आहे, तर हेही घ्या. गोळे मला डोळ्यांनी दिसत होते. तिसऱ्या दिवशी ती पाणी प्यायला गेली तेव्हा माझ्या गोळेवाल्या बाबिणींची निळी रेघ पुसली आणि तिच्या खडूनं लाल ओढली. वाईट सगळ्या तिच्या पेटीत, तिच्या चांगल्यांवर निळी ओढून त्या माझ्या पेटीत. म्हटलं, करायची ना मदत, मग कर पुरती! आणि वर तिचं नाव तरी खराब होईल एकदा. तीस वर्षं एक तक्रार नाही — ऐकून ऐकून कान किटले होते माझे. बस, झालं समाधान? लिहा.

लिहीत का नाही? — काय? हळू बोला, ओठ नीट हलवा. — तिला आधीच विचारलंत? सकाळी? आणि ती काय म्हणाली? — माझ्याच आहेत, म्हणाली? — सही केली? दाखवा तो कागद. दाखवा! ...हीच तिची सही. रेषा सोडून वर चढते नेहमी. अहो, तिला दिसलं असणार, आपली बाबीण हातात घेतली की तिला कळतं, ती काय मी आहे? पेटीत हात घातल्याबरोबर कळलं असणार तिला कोणाचे सांधे ते. आणि तरी सही ठोकून मोकळी! कोणी सांगितलं होतं? मी मागितलं होतं? जेवणात बोलते, कामात बोलत नाही, आणि जिथे तोंड उघडायला हवं तिथे सही करते! मला नकोत तिचे उपकार. खोडा ते नाव. माझं घाला. काय म्हणता, सही झाली की बदलत नाही? मग फाडा. तुम्हाला नसेल जमत तर मी फाडते — हा फाडला. आता नवा लिहा, निळा खडू म्हणून, मी खाली अंगठा देते, या मेलेल्या हातानंच देते.

थांबा. बाविसाव्या चातीवर तार तुटली. थांबा हो, कागद राहू दे, कापूस वाया चाललाय. — दाबली चाती. टोक... टोक कुठंय... हे आहे. हे ओवलं. टेकवलं. लागलं का? साहेब, तुम्ही बघताय ना, पीळ धरला का? सांगा ना, सोडू का?

हात काढा, वन्सं. ही माझी बाजू आहे. पाळी सुटायचा भोंगा होईपर्यंत माझीच आहे. — म्हटलं ना, काढा. — नाही, थांबा. धरा. बोट धरा माझं, आणि झटका लागला की सांगा.

तुम्ही कशाला उभे, साहेब? निघा. रुमाल बांधा तोंडाला आणि निघा, मला आता तुमचं काही ऐकायचं नाही.