पातळ रक्ताचा माणूस

—तर सांगत काय होतो, माझं रक्त इतकं पातळ हाय की परवा एक डास चावला आणि आतच बुडून मेला! हसा, पण हळू. तुमचे मामा झोपलेत ना शेजारच्या खाटेवर. त्यांचा डबा ते उठल्यावरच द्यायचा की न्हाय? मग बसा की. खुर्ची मोकळीच हाय.

माझं उद्या सकाळी ऑपरेशन — खुब्याचा सांधा बदलायचा. डॉक्टर म्हणाले, ईश्वरप्पा, हाड कापायचं म्हणजे रक्त जाणारच, पण कमी जावं म्हणून इंजेक्शन देऊ आणि सांडलेलं मशीनमध्ये धुऊन तुमच्याच अंगात परत सोडू. धुऊन! म्हटलं, डॉक्टरसाहेब, मी जन्मभर चादरी विकल्या, रंग जाणार न्हाय म्हणून गिऱ्हाइकांपुढं शपथा घेतल्या — तुमच्या धुण्यात माझा रंग गेला तर जबाबदार कोण? सगळे हसले. पायल सोडून. पायल म्हणजे माझी लेक, बंगळूरला असते. फोन केला की म्हणते, "अप्पा, मीटिंग आहे." तिची आई गेल्यापासून जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटात माझं ऐकणारा एकच, फ्रिज — तोपण मधेच घुर्र करून गप होतो.

रक्त पातळ कशानं? सांगतो की. छातीत स्टेंट हाय, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी ती बंद करायची, न्हायतर रक्त थांबता थांबत न्हाय. गेल्या खेपेला मी विसरलो — खरंच विसरलो हो! — तर ऑपरेशनच पुढं ढकललं. आणि पायलनं रजा वाढवली! कडक भाकरी, शेंगाची चटणी, समोरासमोर बसून जेवण. मंगळवेढ्याच्या बाजारात मी उंटाला चादर विकली ती गोष्ट तिनं पुरती ऐकली, वर विचारलं, "उंटानं घासाघीस केली का?" लहानपणी अस्संच विचारायची.

आता ऑपरेशन झालं की माझ्याकडं बघायला एक बाई ठेवून ती बंगळूरला जाणार. तिकीटपण काढलंय. म्हणून मग... म्हणून काय? काही न्हाय. तिनं गोळ्यांचं पाकीट कचऱ्यात टाकलं, तर मेडिकलवाल्याला फोन केला की दुसरं घरपोच येतं. चटणीच्या बरणीमागं कोण बघतंय? आज सकाळीपण घेतली.

असं बघू नका. सांगणार होतो मी — परत चुकलं म्हणून! पण दुपारी डॉक्टरनी विचारलं, गोळी बंद हाय ना, तर मी तोंड उघडायच्या आत पायलच बोलली, "मी स्वतः लक्ष ठेवलंय." मग माझं तोंडच बंद झालं. माझं! ईश्वरप्पाचं!

कुटं गेलीय ती? रक्तपेढीत. उद्यासाठी पिशव्या राखून ठेवल्यात, तर बदल्यात घरच्या कुणीतरी रक्त द्यावं म्हणाले. कोण देणार? आमच्या घरचं म्हणजे तीच की. एवढीशी पोरगी, सुई बघितली की आईच्या पदरात तोंड खुपसायची...

ती बघा, आलीच. कोपरावर कापूस दाबून धरलाय. चेहरा बघा कसा उतरलाय — आणि हसतीय माझ्याकडं बघून.

उठा हो. खुर्ची द्या तिला. न्हाय, आता गोष्ट न्हाय. तुमी जरा सिस्टरला हाक मारा आणि जावा बाहेर. जावा म्हटलं ना.

पायल, बस बाळा.